फटाक्यांचा फोटो पांढरा का येतो? कवठेएकंद ते यवतेश्वर

[स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी]

नमस्कार मंडळी. हे दोन फोटो बघा. डावीकडं आकाशात नुसता पांढरा गोळा दिसतोय. उजवीकडं त्याच जातीचा फटाका आहे, पण लाल धागा वेगळा, हिरवा वेगळा, टोकाची ठिणगीसुद्धा मोजून घ्या. दोन्हींचं शटर चार सेकंद उघडं होतं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, तोही दोन्हीकडं १००. फरक फक्त अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकाचा. एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान: डावीकडं एफ/२.८, उजवीकडं एफ/११.

सगळी गोम इथंच आहे. अंधार दिसला की आपण शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि फोटो पांढरा आला की घाईनं शटर कमी करतो. पण ठिणगी एका जागी थांबते का? ती सेन्सरच्या एका ठिपक्यावरून क्षणात पुढं सरकते. त्या ठिपक्याला मिळायचा तेवढा उजेड मिळून गेला. नंतर शटर दोन सेकंद उघडं राहू दे नाहीतर दहा, ती रेघ आणखी उजळ होत नाही. रेघ किती उजळ येणार हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. एका फोटोत किती फटाके मावणार आणि मागची न हलणारी घरं, दिवे किती उजळणार, हे शटर ठरवतं.

पटत नसेल तर घरी फुलबाजी घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर पाच सेकंद, आणि हवेत स्वतःचं नाव लिहा. जिथं हात रेंगाळला तिथं अक्षर जाड आणि पांढरं, जिथं झर्रकन फिरला तिथं बारीक आणि सोनेरी. आता अ‍ॅपर्चर बदलत तेच नाव पुन्हा लिहा. एक पाकीट संपेपर्यंत हात बसतो.

आता मैदानात. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला दसऱ्याची रात्र म्हटलं की कवठेएकंद सांगावं लागत नाही. सांगली-तासगाव रस्त्यावरचं गाव, ग्रामदैवत सिद्धराज महाराजांची पालखी आणि रात्रभर चालणारी आतषबाजी. हौशी फोटोग्राफरला अशी जागा दुसरी नाही, आणि इतकी अवघड जागाही दुसरी नाही. कारण इथं फटाके लांब आकाशात नसतात, डोक्यावर असतात.

म्हणून लेन्स वाइड घ्या, १६ ते २४ एमएम. जागा रस्त्यावर शोधू नका. पालखीच्या वाटेत ट्रायपॉडचे पाय पसरून उभं राहणं शोभतही नाही आणि परवडतही नाही. दिवस मावळायच्या आत पोचा, कुणाकडं तरी अदबीनं गच्ची मागा. माझा अनुभव सांगतो, वर चहासुद्धा येतो! कपडे सुती घाला. नायलॉनच्या जर्किनला ठिणगीनं भोक पडतं आणि ते कातडीला चिकटतं. कानात कापूस, डोळ्यांवर साधा चष्मा.

आतषबाजी सुरू व्हायच्या आधीच फोकस लावा. लांबच्या एखाद्या खांबावरचा दिवा स्क्रीनवर मोठा करून बघा, तो टाचणीएवढा झाला की फोकस मॅन्युअलवर टाका आणि रिंगला हात लावू नका. रिंग शेवटपर्यंत फिरवली म्हणजे अनंतावर फोकस, असं धरून चालू नका. बऱ्याच लेन्स त्याच्याही पुढं जातात. ट्रायपॉडवर असाल तर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरायची सोय) बंद. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन पण बंद, नाहीतर चार सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी चार सेकंद अडून बसतो आणि तेवढ्यात चांगला औट, म्हणजे वर जाऊन फुलणारा फटाका, निसटतो.

मोड बल्ब, म्हणजे बटण दाबून धराल तोवर शटर उघडं. हातात केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला न हलवता दाबायचं वायरीचं बटण. औट वर जायला लागला की दाबा, फुलून विझत आला की सोडा. सेकंद मोजायची गरजच नाही. कोळसा आणि लोखंडाच्या चुऱ्याच्या ठिणग्या सोनेरी, त्या मानानं मंद असतात, त्यांना एफ/८ पुरतं. टायटॅनियम किंवा मॅग्नेशियमचा चांदीसारखा पांढरा फटाका आला की एफ/१६ करा. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. निळा तांब्याचा, तो मुळातच फिका असतो आणि उजेड जरा जास्त झाला की पांढरट दिसतो. निळा दिसला तर समजा एक्सपोजर जमलं.

दसऱ्याला दशमीचा चंद्र असतो, हे बरेच जण विसरतात. मध्यरात्र उलटेपर्यंत तो वर असतो आणि धूर उजळवतो. चंद्राकडं पाठ करता आली तर बघा, पण वाऱ्याचा मान आधी. वारा तुमच्या पाठीकडून किंवा बाजूनं हवा. समोरून असेल तर सगळा धूर अंगावर येतो, मग कुठलं अ‍ॅपर्चर आणि कुठलं काय.

दिवाळीत हिशेब उलटा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, आकाश काळंकुट्ट. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात गाडी सुरक्षित बाजूला लावून खाली बघा. सगळं शहर पसरलेलं, समोर अजिंक्यतारा, आणि फटाके डोक्यावर नाहीत तर पायाखाली. इथं शहराचे दिवे हलत नाहीत, म्हणून इथं शटरला किंमत आहे. एफ/८ ठेवा, पंधरा सेकंदांपासून सुरू करा, दिवे पांढरे पडून पसरायला लागले की सेकंद कमी करा. लेन्स ७० एमएमच्या पुढची.

आणि लवकर जा. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ दिली. पाळतं कोण, तो विषय वेगळा. पण थंड, वारा पडलेल्या रात्री धूर खोलगट भागात साचून राहतो, आणि उशिरा घाटातून फक्त भुरकट पडदा दिसतो. माझ्या मते पहिला अर्धा तास तुमचा.

एका फोटोत बरेच फटाके हवे असतील तर बल्ब चालू ठेवा आणि दोन फटाक्यांच्या मधे लेन्ससमोर काळी टोपी धरा. लेन्सला टेकवू नका, कॅमेरा हलतो.

मोबाइलवाले म्हणतील, आमच्याकडं अ‍ॅपर्चर कुठंय? खरंय, बहुतेक फोनमधे ते एफ/१.८ च्या आसपास कायमचं ठरलेलं असतं. प्रो मोडमधे आयएसओ ५० केला तरी ठिणग्या जळतात. उपाय घरातच आहे: गडद काळ्या गॉगलची काच फोनच्या लेन्ससमोर धरा. अशी काच साधारण तीन स्टॉप उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एफ/५ च्या आसपास पोचलात. गॉगल करडा हवा, तपकिरी असेल तर सगळे रंग चहात बुडतात. फोन मात्र भिंतीवर किंवा स्टँडवर, आणि टायमर नको. तीन सेकंदांत बाण जाऊन विझतो.

घरी आल्यावर लेन्सवर राख असणारच. रुमालानं पुसू नका, राखेतल्या खड्यानं चरे पडतात. रबरी ब्लोअरनं उडवा, मग मऊ ब्रश. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते.