पंधराव्या वर्षी जोत

नमस्कार श्रोतेहो.

दुसरे महायुद्ध म्हटले की आपण पलटणी आठवतो, आणि ते रास्तच आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आज बोलायचे आहे ते अशा जवानांच्या घरी मागे राहिलेल्या शेतीबद्दल, आणि ती ज्यांच्या गळ्यात पडली त्या मुलांबद्दल.

थोरला भाऊ पलटणीत, बाप मुंबईला गिरणीत, घरी आई, आजी आणि धाकटी भावंडे. लावणी, बेणणी म्हणजे तण काढणे, कापणी हे बायका करतच होत्या. पण बाईने नांगर धरायचा नाही ही रीत बहुतेक गावांत कडक होती. मग जोत, म्हणजे नांगर आणि बैलजोडी, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती आले. त्यात ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा थांबला. कोकणात घरचे भात वर्षभर पुरत नसे, बाहेरून येणाऱ्या तांदळावर चार महिने निघत. तो आधार गेला, आणि शेतातली चूक दुकानातून भरून काढायची सोय राहिली नाही. मुंबईत २ मे १९४३ पासून रेशन सुरू झाले, तेव्हा तिकडून काही येईल ही आशाही धरवत नव्हती.

शेतीचे वर्ष थंडीत कवळं तोडण्यापासून सुरू होते. ऐन, किंजळ यांच्या फांद्या छाटायच्या, पण शेंडा राखायचा; शेंडा तोडला तर दोन वर्षांनी त्या झाडाकडे जाण्यात अर्थ नाही. तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपे वाढवायच्या, जागेवर खाली शेण, त्यावर ही कवळं, मग पातेरा म्हणजे वाळका पाला आणि गवत, वरून बारीक मातीचा थर. एक एकर लावणीला साधारण चार गुंठे तरवा लागतो, तेवढीच जागा भाजायची. आग वाऱ्याच्या उलट बाजूने लावायची. वाऱ्याबरोबर लावली तर ती भराभर पुढे पळते, वरचे गवत जळते, माती तापत नाही आणि तणाचे बी जिवंत राहते. पुढे बेणताना आईची आणि बहिणींची कंबर मोडते ती इथल्या घाईमुळे.

नांगर धरताना मुलाची अडचण ताकदीपेक्षा उंचीची. रुमणे, म्हणजे नांगराची मूठ, त्याला उंच पडते, म्हणून तो त्यावर भार टाकतो. मागे भार पडला की फाळाचे टोक वर उचलते आणि नांगर नुसता ओरखडत जातो. असे झाले की दामटून काही होत नाही. जू इसाडावर, म्हणजे नांगराच्या लांब दांड्यावर, थोडे पुढे, म्हणजे नांगरापासून लांब बांधायचे, की फाळ खाली घुसतो. जास्त घुसू लागला, बैल धापा टाकू लागले, तर जू मागे घ्यायचे. जाणत्या माणसाने एकदा दाखवले तर मुलाला हे लगेच उमगते. दाखवणारा माणूसच गावात नसणे, ही त्या काळातली खरी अडचण.

आता पेरणी. घरचा कर्ता कोण हे इथे ठरते. रोहिणीत, पाऊस यायच्या आधी, धूळवाफेवर पेरले तर रोप लवकर तयार होते आणि मृगाच्या पावसाबरोबर वर येते. पण मृग एकदोन सरी टाकून गेला आणि आठवडाभर ऊन पडले तर मोड सुकतो. म्हणून सगळे बी एकदम टाकायचे नाही, दुसऱ्या पेरणीपुरते राखायचे. हे कुणालाही सांगता येईल. करणे अवघड, कारण हे बी पेंढ्यात बांधलेल्या मुडीत घरातच असते, आणि ज्येष्ठ-आषाढात भाताची कणगी तळाला गेलेली असते. धाकटी भावंडे उपाशी असताना त्या मुडीची दोरी सोडू द्यायची नाही, हा निर्णय पंधरा वर्षांच्या मुलाने घ्यायचा. युद्धाच्या वर्षांत उसने बीही मिळेना, कारण शेजारच्या घरातही तीच कणगी. त्या मुलांबद्दल मनात आदर दाटतो तो याच ठिकाणी.

तरवा गेलाच, तर एक उपाय उरतो, तो म्हणजे रहू, मोड आणलेले बी थेट खाचरात पेरणे. राखलेले बी एक दिवस आणि एक रात्र पाण्यात भिजवायचे, तरंगणारे पळंज म्हणजे पोकळ दाणे काढून टाकायचे, मग पेंढ्याखाली दडपून ऊब द्यायची. दीड-दोन दिवसांत मोड येतो. चिखल करून पाणी उतरवायचे आणि मोडाचे बी सारखे फेकायचे. मोड लांब होऊ दिला तर फेकताना तुटतो. खाचरात पाणी साचू दिले तर बी कुजते. लावणीइतके पीक येत नाही आणि बेणणी जास्त लागते, पण खाचर पडीक राहत नाही.

लावणीला रोप तीन ते चार आठवड्यांचे हवे. जून झाले की फुटवे कमी फुटतात. म्हणून चिखलणी वेळेवर झाली पाहिजे, आणि एका जोताने ती होत नाही. इथे पैरा, म्हणजे कामाची अदलाबदल. आज आपले बैल त्यांच्याकडे, उद्या त्यांचे आपल्याकडे. मुलगा आहे म्हणून त्याची पाळी शेवटी ढकलली जायची, आणि तेवढ्यात रोप जून व्हायचे. पैऱ्याची पाळी पेरणीपूर्वीच, चार माणसांसमोर ठरवून घेणे हा त्यावरचा इलाज.

खाडीकाठच्या खार जमिनीत आणखी एक काम असते, उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप, राखणे. ओहोटीला झडप बाहेर उघडून आतले पाणी जाते, भरतीला ती दाबली जाऊन मिटते. तिच्यात ओंडका अडकला तर खारे पाणी आत शिरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी बांधावरून चालत जाऊन खेकड्यांची बिळे चिकट मातीने ठासून बुजवायची. बोटाएवढे बीळ एका उधाणात बांधाला खांड म्हणजे भगदाड पाडते, आणि खार चढलेली जमीन पुढची दोन-तीन वर्षे नीट पिकत नाही.

पैशाचे काम त्या मानाने थोडे. पलटणीतून मनिऑर्डर आली की आईचा अंगठा साक्षीदारासमोर घ्यायचा आणि खालच्या पट्टीवरचा मजकूर तिला वाचून दाखवायचा. पावसाळ्यात किनाऱ्याच्या बोटी बंद, म्हणून मीठ-मिरची, रॉकेल, फाळाचे लोखंड, जे मिळेल ते मे अखेरीपर्यंत घरात हवे. रॉकेल नसेल तर उंडीच्या तेलावर दिवा चालतो. तो धुरकट असतो, म्हणून वात बारीक ठेवायची.

शेवटी खळ्यावरची रास. खोताचा वाटा, सरकारी लेव्ही म्हणजे सक्तीने द्यायचे धान्य, उसनवारी, सगळे त्या दिवशी दारात उभे असत. वाटणी सुरू करण्याआधी बियाणे काढायचे, तेही राशीच्या कडेचे नाही, तर आधीच निवडून वेगळ्या झोडलेल्या लोंब्यांचे. ते चांगले तीन-चार उन्हे देऊन वाळवायचे, दाताखाली कटकन तुटले की मुडीत बांधायचे. ओले बांधले तर ज्येष्ठात मुडी सोडल्यावर बुरशीचा वास येतो, आणि तेव्हा नवे बी आणायला वेळ उरलेला नसतो. मुडी चुलीच्या वरच्या माळ्यावर टांगायची, धुराने किडा लागत नाही. हे झाले, की उरलेल्या राशीला माप लावायचे.

नमस्कार.