आशेला आधार हवा

नमस्कार, श्रोतेहो.

शांतता-शिक्षणाचं, सलोख्याचं काम करणाऱ्या कुणाशीही बोला, एक खंत हमखास ऐकू येते. वर्षभर मुलांमध्ये, वस्त्यांमध्ये बसायचं आणि एका संध्याकाळी फोनवर फिरलेल्या अफवेनं सगळ्यावर पाणी पडायचं. कशासाठी हा खटाटोप?

नुसत्या धीराच्या शब्दांनी या प्रश्नाचं समाधान होत नाही. हे काम नेमकं कशानं साधतं, ते कळलं तर मात्र आशेला आधार मिळतो.

१९७१ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती. भांडणं विकोपाला गेली होती. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी मुलांना उपदेश केला नाही, त्यांनी वर्गाची घडीच बदलली. पाच-सहा मुलांचा गट, धड्याचे तेवढेच तुकडे, प्रत्येकाकडे एकच तुकडा आणि परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. आता बघा, वर्गाची भाषा नीट न येणारा एखादा मुलगा आपला तुकडा सांगताना अडखळतो. बाकीचे हसतात. पण त्याच्याकडची माहिती दुसरीकडे कुठेच नाही! मग हसणारेच विचारू लागतात, "थांब, सावकाश सांग. पुढं काय झालं?" काही आठवड्यांत मुलांची एकमेकांविषयीची अढी कमी झाली.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं, नुसतं शेजारी बसवून भागत नाही. बरोबरीचं स्थान हवं, समान उद्दिष्ट हवं, एकमेकांची मदत लागायला हवी आणि वरिष्ठांचं पाठबळ हवं. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. अशा सहवासानं पूर्वग्रह सहसा घटतात, असं त्यांना आढळलं. परिणाम डोळे दिपवणारा नसतो, पण असतो. मला वाटतं, आपली बरीचशी निराशा एका दिवसाच्या मेळाव्यांमधून येते. भाषणं होतात, फोटो निघतात, पण कुणाला कुणाची गरजच पडत नाही.

आणि काळाचं काय? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या संघर्षानं होरपळणाऱ्या उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात दहा कैदी उपोषणात मरण पावले ते साल १९८१. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये काही पालकांनी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांसाठी एकत्र शाळा काढली, लागन कॉलेज. मुलं होती २८. शांतता करार झाला तो १९९८ मध्ये, मधली सतरा वर्षं हिंसा चालूच होती. ती थांबवणं त्या शाळेच्या हातात नव्हतं. मुलांना रोज एका बाकावर बसवणं होतं, ते तिनं सोडलं नाही. आज तिथं हजाराहून अधिक विद्यार्थी आहेत. उत्तर आयर्लंडमधली बहुतेक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं अजूनही वेगवेगळ्या शाळांत जातात, हेही तितकंच खरं.

मित्रहो, न झालेल्या दंगलीची बातमी होत नाही. म्हणून नोंद आपणच ठेवायला हवी. अफवा आली तेव्हा कुणी कुणाला फोन केला, कोण खात्री करायला धावलं, कुठल्या मुलानं मित्राची बाजू घेतली, हे तारखेनिशी लिहा आणि महिन्यातून एकदा सगळे मिळून वाचा. वाचताना एखादा सहकारी गप्प गप्प दिसला, तर त्याला विचारा. त्याच्या वाट्याचं काम काही दिवस दुसऱ्यानं उचलावं, त्यानं मागायची वाट न बघता.

नमस्कार.