भिवंडीतला बीट हवालदार

ही खटखट ऐकताय ना? भिवंडीचे यंत्रमाग. भरदिवसा ती थांबली की इथल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. वीज तरी गेली असेल, नाहीतर कुठेतरी पेटलं असेल. 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून हिंदू-मुसलमान दंगल पेटली होती. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा.

1988 मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी पोलिसांना मोहल्ले नेमून दिले, म्हणजे ज्याचं त्याचं बीट, आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात हिंदू-मुसलमान रहिवाशांच्या समित्या बसवल्या. सत्तरेक समित्या! ऐकायला सरकारी वाटतं, नाही?

पण रोज तीच गल्ली चालायची म्हटल्यावर हवालदाराचं काम पार बदलतं. बंदोबस्तापुरत्या आलेल्या पोलिसाला समोर नुसती गर्दी दिसते. बीटवाल्याला त्याच गर्दीत सायजिंगमधला, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यातला, कामगार दिसतो, कोपऱ्यावरचा दूधवाला दिसतो. कोणाच्या गटाराचं पाणी कोणाच्या ओट्यावर जातं, नळावरचं भांडण नेमकं कुठल्या दोन घरांचं, सगळं तोंडपाठ. अमुक ठिकाणी दगड पडला म्हणून कोणी धावत आलं, तर दहा मिनिटांत खरं-खोटं करता येतं, कारण विचारायचं कोणाला हे ठाऊक असतं. आणि जमावातल्या पोराला नावाने हाक मारली की त्याचा वर गेलेला हात जरा अडखळतोच.

ओळखीची दुसरी बाजूही आहे. नाक्यावरचा मटकेवालाही ओळखीचा होतो, मग हप्त्याला वेळ लागत नाही.

6 डिसेंबर 1992. बाबरी पडली आणि मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत 900 माणसं मेली. जिच्या नावाची धास्ती होती ती भिवंडी मात्र शांत राहिली. सगळं श्रेय समित्यांचं, असं म्हणणं थोडं भाबडं होईल. पण त्यांच्याशिवाय हे घडलं असतं असंही वाटत नाही.

जुलै 2006. याच गावात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव उसळला. दोन पोलीस मारले गेले, गोळीबारात दोन नागरिक.

सणासुदीला कुठल्याही बीट चौकीवर जा. बऱ्याचदा दाराला कुलूप असतं. हवालदार कुठे, विचारलं की शेजारचा पानवाला चुना लावता लावता सांगतो, "बंदोबस्ताला गेलेत. गणपती झाले की येतील."