पाच मिलिमीटरची पट्टी

(मोटर मेकॅनिक ट्रेडच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मुलांनो, टेबलावरची ही पोलादी पट्टी बघा. जाडी बरोबर ५ मिलिमीटर, लांबी वीतभर. कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये करून मिळते. फोर्ड फिएस्टाच्या १.६ पेट्रोल इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलायला गाडी आली आणि ही पट्टी हाताशी नसेल, तर त्या इंजिनाला हात लावू नये, असं मी स्वच्छ सांगतो. का, ते आज बोलू.

क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो शाफ्ट, आणि कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, हे तुम्ही पहिल्याच वर्षी पाठ केलंय. आता ते डोळ्यांपुढे आणा. इंजिन ३००० आरपीएमवर चाललंय, म्हणजे कॅम मिनिटाला १५०० फेरे घेतोय आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतोय. ज्या जागेत व्हॉल्व्ह खाली उतरतो, त्याच जागेत थोड्या वेळाने पिस्टन वर येतो. क्रँकवरून कॅमला वेळेवर फिरवणं आणि दोघांची गाठ पडू न देणं, हे टायमिंग बेल्टचं काम. समजायला सोपं म्हणून क्रँकच्या पुलीला २० आणि कॅमच्या पुलीला ४० दात धरा. कॅमवर एक दात चुकला तर कॅम ९ अंशांनी सरकला, क्रँकच्या हिशेबात १८ अंशांनी. बेल्टवर बोटभर जागेतली चूक, पण पिस्टनसाठी ती फार मोठी असते.

आमच्या वस्तादांच्या पिढीला ही काळजी कमी होती. ॲम्बेसेडर काय, पद्मिनी काय, कॅम ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य भागात, आणि त्याला चेन. रबरी बेल्ट मोटारीत रुळवला तो जर्मनीतल्या ग्लास या छोट्या कंपनीने, १९६२ च्या सुमारास. १९६६ साली फियाटने १२४ स्पोर्टच्या इंजिनात हेडवर, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या भागावर, दोन कॅम बसवले आणि दोन्ही बेल्टने फिरवले. आपल्याकडे गल्लोगल्लीच्या मिस्त्रींना बेल्टची सवय लावली ती १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० ने. तिथे एकच कॅम, पुलीवर खूण. खुणेला खूण जुळवली की झालं. आमची सगळी पिढी खुणेवर वाढली आणि पुढे तिथेच फसली.

पुलीवरची खूण आपल्याला पुलीची जागा सांगते. व्हॉल्व्ह उघडतो तो शाफ्ट. पुली आणि शाफ्ट यांच्यात चावी असेल, म्हणजे खाचेत बसणारा तो छोटा तुकडा असेल, तर खूण शाफ्टच्या वतीने बोलू शकते. फिएस्टाच्या या इंजिनात, २००५ साली आपल्याकडे आलेल्या, कॅमच्या पुल्यांना चावी नाही. क्रँकच्या दातेरी पुलीलाही नाही. नुसत्या बोल्टच्या आवळणीवर सगळं धरलेलं असतं. बोल्ट सैल केला की पुली शाफ्टवर मोकळी फिरते. अशा वेळी पांढऱ्या रंगाचा ठिपका कुठे आहे याला काय अर्थ राहिला?

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्याकडे पहिली फिएस्टा आली ती एका शिक्षकांची. जुन्या बेल्टवर आणि तिन्ही पुल्यांवर व्हाइटनरचे ठिपके दिले, दात मोजले, तेच ठिपके नव्या बेल्टवर उतरवले. क्रँकचा बोल्ट काढताना शाफ्ट जरासा हलला होता. माझ्या लक्षात आलं नाही. सगळे ठिपके जुळले. समाधानाने गाडीची चावी फिरवली. एकच आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा, आणि इंजिन थांबलं. हेड उतरवलं. पिस्टनच्या माथ्यावर काजळीत चकचकीत चंद्रकोरी उमटल्या होत्या, नखाने जाणवतील इतक्या खोल. हेड उलटं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओतलं, तर व्हॉल्व्हच्या कडेने झिरपत खाली. म्हणजे व्हॉल्व्ह वाकले होते. शिक्षक शेजारी उभे होते. त्यांनी फक्त विचारलं, "गाडी चालत आली होती ना?" खर्च मी केला. पण तो प्रश्न आजही आठवतो, आणि म्हणून मी ही पट्टी घेऊन फिरतो.

आता पट्टीचं काम. टॅपेट कव्हर, म्हणजे कॅमवरचं झाकण, काढलं की दोन्ही कॅमच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सकडच्या बाजूला, एकेक खाच दिसते. दोन्ही खाचा एका रेषेत, हेडच्या पृष्ठभागाला समांतर आल्या की पट्टी दोघींतून आरपार सरकते. खाच बरोबर मध्यावर कापलेली नाही, किंचित एका बाजूला आहे. त्यामुळे कॅम अर्धा फेरा चुकीचा असला तर खाच आडवी दिसते, पण पट्टी बसत नाही. तसं झालं तर ठोकू नका. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा, बसेल. काही जण पट्टीच कानशीने घासून बारीक करतात. जाडीत उतरलेली पट्टी खाचेत खुळखुळते आणि मग तिचा भरवसा उरत नाही.

क्रँकसाठी वेगळी पिन असते. ब्लॉकवरचं बूच काढून ती आटे देऊन बसवायची आणि क्रँक घड्याळाच्या दिशेने हळू फिरवत पिनेला टेकवायचा. टेकल्याचं पान्याला कळतं. पिन आणि पट्टी जागा दाखवायला आहेत, जोर सोसायला नाहीत. बोल्ट सोडताना किंवा आवळताना पुली वेगळ्या टूलने धरा, क्रँकसाठी फ्लायव्हील धरा. नाहीतर पिन वाकते, कॅमचं टोक तुटतं.

शाफ्ट असे जागेवर धरले की कॅमच्या पुल्यांचे बोल्ट सैल करायचे आणि मग बेल्ट चढवायचा. टेन्शनर म्हणजे बेल्टला ताण देणारी पुली. तिच्या विरुद्ध बाजूला बेल्ट कुठेही झोळ न राहता तंग हवा. टेन्शनरने ताण दिला की पुल्या शाफ्टवर लागेल तेवढ्या आपापल्या सरकतात, शाफ्ट मात्र जागचे हलत नाहीत. नंतर पुल्या आवळा. या पद्धतीचं मला फार कौतुक वाटतं, कारण नव्या बेल्टच्या लांबीतला बारीक फरकही पुलीत जिरतो. क्रँकचा बोल्ट नवाच घाला, सगळी पकड त्याच्यावर आहे. इकोस्पोर्टच्या १.५ टीआय-व्हीसीटीत पुल्यांच्या जागी व्हीसीटी युनिट, म्हणजे चालत्या इंजिनात कॅमचं टायमिंग बदलणारे भाग, आहेत. त्यांना धरायचं टूल वेगळं.

बेल्ट नसताना कॅम फिरवायची वेळ आलीच, तर आधी क्रँक पाव फेरा फिरवून चारही पिस्टन मध्यावर आणा. स्प्रिंगवर चढलेला कॅम झटक्याने उडी मारतो, तेव्हा खाली मोकळी जागा असू दे.

सगळं आवळून झालं की पिन काढा, पट्टी काढा आणि पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्या. हाताने. स्टार्टरने नाही. कुठे अडलं तर तिथेच थांबा. कॉम्प्रेशनचा जोर मऊ असतो, हवा निसटते तसा सुटत जातो. व्हॉल्व्ह लागला तर पाना भिंतीला टेकल्यासारखा थांबतो. पुन्हा पिन घाला, क्रँक टेकवा, पट्टी सरकवा. बोटाने ढकलून सरकली तर गाडी सुरू करा. जरासाही हट्ट करत असेल, तर पुल्या सैल करून पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळ झाली असेल, मालक दारात उभा असेल, तरीही.

हा एक जुना कॅम आणलाय, त्याच इंजिनातला. पट्टीबरोबर पहिल्या रांगेतून मागे द्या. खाचेच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवा. एका बाजूचं धातू दुसरीपेक्षा जाड लागेल. मग पट्टी दोन्ही बाजूंनी घालून बघा.