सग्वारोची रात्र

[दृश्य : पहाटेआधीचा अंधार, क्षितिजावर निवडुंगांच्या आकृत्या]

उजाडायला अजून अवकाश आहे. हे अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य, आणि टूसॉन शहराला लागून पसरलेलं सोनोरन वाळवंट. समोर उभे आहेत ते सग्वारो. निवडुंगच, पण चाळीस फुटांपर्यंत वाढणारे आणि दीडशे-दोनशे वर्षं जगणारे. इथे आणि सीमेपलीकडे मेक्सिकोत, एवढ्याच मुलखात ते आपोआप उगवतात.

या अंधारात त्यांचा श्वास चालू आहे.

[दृश्य : खोडाच्या सालीचं जवळून चित्रण]

सग्वारोला पानं नाहीत. अन्न तयार करायचं काम ही हिरवी साल करते. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी रंध्रं असतात. बहुतेक झाडं ती दिवसा उघडतात. इथल्या उन्हात तसं केलं, तर साठवलेलं पाणी उडून जाईल. म्हणून सग्वारो दिवसभर दारं लावून बसतो आणि रात्री गारवा आला की उघडतो. कार्बन डायऑक्साइड आत घेतो आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतो. उजाडेपर्यंत खोडातला रस आंबट झालेला असतो. मग उन्हं आली की बंद दाराआड त्याच साठ्यातून साखर तयार होते.

त्याची फुलंही रात्रीच उमलतात. मेक्सिकोतून आलेली वटवाघळं त्यांतला मध पितात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फूल मिटेपर्यंत कबुतरं आणि मधमाश्या येत राहतात.

[दृश्य : पाऊस, ओली जमीन, फुगलेलं खोड]

पाण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. मुळं जमिनीत जेमतेम वीतभर खाली, पण चहूकडे दूरवर पसरलेली. जुलैत पाऊस आला की ती पाणी भराभर ओढून घेतात आणि खोडाच्या या उभ्या घड्या लोहाराच्या भात्यासारख्या उलगडतात. एक मोठा सग्वारो शेकडो लिटर पाणी साठवतो आणि पुढचे कोरडे महिने त्यावर काढतो.

[दृश्य : लांब काठीने फळं पाडणाऱ्या स्त्रिया]

पावसाच्या तोंडावर, जूनअखेरीस, फळं पिकतात. टोहोनो ओओधाम या इथल्या मूळ रहिवाशांचं नवं वर्ष याच तोडणीने सुरू होतं. ही काठीसुद्धा सग्वारोचीच, मेलेल्या झाडाच्या वाळलेल्या फासळ्या एकमेकींना बांधून केलेली. गर काढून घेतला की साल टाकून देत नाहीत. लाल बाजू आभाळाकडे करून ती जमिनीवर मांडतात, पाऊस यावा म्हणून. हे लोक सग्वारोला माणसांत धरतात. त्यांना हे झाड जसं कळलं आहे, तसं आपल्यापैकी फार थोड्यांना कळलं असेल.

[दृश्य : फिनिक्स शहर, कोसळलेला सग्वारो, तुटून पडलेली फांदी]

हे फिनिक्स, 2023चा उन्हाळा. सलग 31 दिवस पारा 43 अंश सेल्सिअसच्या वर. पण सग्वारोला सोसल्या नाहीत त्या रात्री. जुलैत सलग 16 रात्री तापमान 32 अंशांखाली आलंच नाही. सिमेंट आणि डांबर दिवसभर तापतं आणि ती धग रात्रभर सोडत राहतं. गारवा नाही, तर दारं उघडायची कधी? झाड आतून खंगतं, कुजतं. फांद्या गळून पडतात, आणि काही झाडं उभीच्या उभी कोसळतात.

[दृश्य : पालो वर्देच्या सावलीतलं अंगठ्याएवढं रोप]

मोकळ्या वाळवंटातले मोठे सग्वारो अजून बऱ्यापैकी तग धरून आहेत. काळजी आहे ती या पिल्लाची. पहिल्या आठ वर्षांत हे इंच-दीड इंच वाढतं. पालो वर्दे किंवा मेस्कीटसारख्या झाडाची सावली मिळाली तर जगतं, आणि त्यानंतरही ओळीने काही ओली वर्षं लागतात. सग्वारो राष्ट्रीय उद्यानाच्या पाहणीत 1990च्या दशकापासून रुजलेली रोपं फारच कमी सापडली आहेत. टूसॉनच्या तुमामॉक टेकडीवर 1908पासून एकेका सग्वारोची नोंद ठेवली जाते, म्हणून हा फरक लक्षात तरी येतो.

[दृश्य : वाळलेल्या गवताने भरलेला डोंगरउतार]

आणि हे गवत. आपल्याकडचे शेतकरी ते लगेच ओळखतील. अंजन. आपल्याकडे चाऱ्यासाठी मुद्दाम पेरतात. ॲरिझोनातही 1930च्या दशकात ते चाऱ्यासाठी आणि जमिनीची धूप थांबवण्यासाठीच आणलं. पण या वाळवंटाला वणव्याची सवय नव्हती. झाडाझुडपांमध्ये उघडी माती असायची, तिथवर येऊन आग विझायची. आता त्या मोकळ्या जागा अंजनाने भरून टाकल्या आहेत. ऊन वाढतं तसं ते अधिक वाळतं, आणि एका झाडाची आग दुसऱ्यापर्यंत नेतं. सग्वारोला आगीपासून वाचवणारी जाड साल नाही.

जगातल्या 408 जातींच्या निवडुंगांचा 2022 साली अभ्यास झाला. त्यांतल्या 60 टक्के जातींना मानवणारं हवामान या शतकाच्या मध्यानंतर आक्रसत जाईल, असा त्याचा निष्कर्ष आहे.

[दृश्य : स्वयंसेवक, पहारी, गवताने भरलेली पोती]

उतारावरचे हे सगळे स्वयंसेवक आहेत. पहारीने ठोंब मुळासकट उपटायचा, पोत्यात भरायचा, की पुढचा ठोंब. औषध फवारता येतं, पण ते गवत हिरवं असतानाच लागू पडतं, म्हणजे पावसानंतरचे थोडेच आठवडे. उरलेलं वर्षभर पहार.