मुसळाची मूठ

श्रोतेहो, नमस्कार. पटाशी, म्हणजे लाकूड तासायची सुताराची छिन्नी, घरी घडवता येते असे सांगितले की लोक पोलादाविषयी विचारतात. मुठीविषयी कोणी विचारत नाही. माझ्या पहिल्या पटाशीला मात्र मुठीनेच दगा दिला, म्हणून पोलादाचे थोडक्यात आटोपून मी मुठीकडे वळणार आहे.

पाते ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचे, करावे. भंगारवाल्याकडे तो वजनावर मिळतो. भट्टीत लाल करून घडवावा, राखेत सावकाश निवू द्यावा आणि कानशीने आकारास आणावा. नंतर पाते चुंबक चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे साधारण 770 अंश सेल्सिअसच्या थोडे वर, तापवून धारेकडचा भाग कोमट तेलात बुडवावा. आपण याला ‘पाणी देणे’ म्हणत असलो, तरी कमानपाटा पाण्यात बुडवला तर तडकण्याची भीती असते. पुन्हा सांगतो, पाण्यात नव्हे, तेलात. मग पाते घासून चकचकीत करावे आणि हळूहळू शेकावे. त्यावर गव्हाच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग चढला, म्हणजे 220 ते 230 अंशांच्या सुमारास, थांबावे. निळा रंग दिसला तर धार मऊ पडली असे समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. धारेचा उतार 25 ते 30 अंश असावा आणि पाठ सपाट असावी. धारेची कदर आपल्या भागाला जुनी आहे. मिरजेत सतारी घडवणाऱ्या घराण्यांचे मूळच मुळी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांत आहे.

आता मूठ. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेले आणि सांगलीचा गावभाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांवर गाद्या, कपाटे, दप्तरे यांचे ढीग लागले होते. आमच्या शेजारच्या काकूंच्या ढिगावर चिखलाने माखलेले, बाभळीचे एक मुसळ पडले होते. ते त्यांच्या सासूबाईंचे होते. काकूंनी ते ट्रॅक्टरमध्ये टाकायला सांगितले आणि मी ते मागून घेतले. जुने लाकूड बंबात घालणाऱ्यांवर माझा राग आहे, हे माझे श्रोते जाणतातच. ज्या घरांत सागवानी तुळया सरपणाच्या भावाने विकल्या जातात, तिथेच पुढे भुश्याची दारे बसतात आणि पहिल्याच पुरात पापडासारखी फुगतात.

मला घाई फार. महिनाभर ते मुसळ गच्चीवर ठेवले, तुकडा कापला, लेथवर सुबक मूठ कातली आणि फुटू नये म्हणून तिच्या तोंडाशी अर्ध्या इंची पाइपची कडी शेंबीसारखी ठोकून बसवली. दिवाळीच्या आधी काकूंनी बोलावले, कारण पुराने फुगलेले त्यांचे दार चौकटीत अडकत होते. मी नवी पटाशी मोठ्या ऐटीने काढली. पहिला घाव बरा बसला. दुसऱ्या घावाला कडी सैल होऊन घरंगळत उंबऱ्यापाशी गेली आणि तिसऱ्या घावाला मूठ उभी चिरली. काकू चहाचा कप हातात धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, सासूबाईंनी साठ वर्षं आपटलेलं मुसळ हे, अन् तुझ्या हातात तिसऱ्या घावाला फुटलं?”

चूक दुहेरी होती. वरून कोरडे दिसणारे ते लाकूड आत ओले होते. वाळताना ते आक्रसले, तशी कडी सुटली. शिवाय मुसळ म्हणजे अख्खी फांदी, तिच्या मध्यभागी गाभा असतो आणि चिरा गाभ्यापासूनच पसरतात. मी गाभ्यासकट मूठ कातली होती.

उरलेले मुसळ मी उभे चिरून चार फाकी केल्या, गाभा काढून टाकला, टोकांना मेण लावले आणि फाकी माळ्यावर हवेशीर ठेवल्या. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, हा लाकूड वाळवण्याचा जुना हिशेब आहे. त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा: दर आठवड्याला वजन टिपावे आणि सलग चार आठवडे ते बदलले नाही की लाकूड वाळले. पावसाळ्यातले आकडे धरू नयेत, कारण त्या दिवसांत वाळलेले लाकूडही ओल पिते. पुन्हा सांगतो, आधी वजन स्थिर होऊ द्यावे, मगच मूठ कातावी.

दीड वर्षाने दुसरी मूठ बसवून मी काकूंकडे गेलो. त्यांचे दार एव्हाना आपोआप वाळून सहज लागू लागले होते, त्यामुळे पटाशीला कामच उरले नव्हते. काकूंनी मूठ उलटसुलट पाहिली, उरलेल्या फाकी मागितल्या आणि त्यांतल्या एकीचे लाटणे करून द्यायला सांगितले. ते लाटणे कातण्यापूर्वी मी ती फाक चार आठवडे वजनकाट्यावर ठेवून पाहिली.