व्हिएन्नात रुमाल टाकताना

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, मग दारातल्या गर्दीशी झटापट करायची, आणि आत पोचलं की जागा आपलीच. स्वारगेटला शिकलेली ही विद्या व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहातही उपयोगी पडते. फक्त तिथे रुमाल टाकायचा नसतो, बांधायचा असतो.

पुण्याहून निघालेल्या युरोप सहलीत व्हिएन्नाच्या वाट्याला दीड-दोन दिवस येतात. राजवाडा बघून होतो, केक खाऊन होतो आणि एखादी संध्याकाळ मोकळी निघते. कार्ल्सप्लात्स या मेट्रो स्टेशनातून वर आलं, की ऑपेरागृहाची इमारत समोरच आहे. तिचं उद्घाटन 25 मे 1869 चं, म्हणजे पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर येण्याच्या 11 वर्षं आधीचं. मार्च 1945 मध्ये बॉम्ब पडून आतलं प्रेक्षागृह जळालं. आज आपण उभे राहतो ते 1955 मध्ये पुन्हा खुलं झालेलं.

उभे राहतो, असंच म्हणायला हवं. बसायच्या चांगल्या जागा महाग असतात आणि बऱ्याचदा आधीच संपलेल्या असतात. पण उभ्यानं ऐकणाऱ्यांसाठी इथे चारशेहून जास्त जागा आहेत, त्याही किरकोळ दरात. त्यांना म्हणतात श्टेप्लात्स. ही तिकिटं ज्या दिवशीचा खेळ त्याच दिवशी विकली जातात. काही सकाळीच ऑनलाइन जातात, उरलेली खेळाच्या 80 मिनिटं आधी खिडकीवर. रांगेत एका माणसाला एकच तिकीट. तेव्हा एकानं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी कॉफी प्यायची, हा बेत इथे फसतो.

इमारतीभोवती विग घातलेले, मोझार्टच्या काळातल्या वेशातले विक्रेते फिरत असतात. त्यांच्याकडची तिकिटं खोटी नसतात, पण ती बहुतेक पर्यटकांसाठीच्या वेगळ्या मैफलींची, वेगळ्या सभागृहातली असतात. ऑपेरा ऐकायचा असेल तर नमस्कार करून पुढे निघावं.

खिडकीशी ‘पार्टेर’ मागा. ही तळमजल्याची जागा मधल्या मोठ्या बॉक्सच्या बरोबर खाली, रंगमंचाच्या अगदी समोर येते. ती संपली असेल तर सगळ्यात वरची गॅलरी. तिथे माणसं लहान दिसतात, पण आवाज सुरेख पोचतो. मात्र गॅलरीत मधोमध उभं राहा. कडेला गेलात तर निम्मा रंगमंच दिसतच नाही.

आता रुमाल. आत शिरलं की पायऱ्यांवर ओळीनं कठडे दिसतील. आपली जागा पकडायची आणि समोरच्या कठड्याला स्कार्फ किंवा रुमाल बांधायचा. तो बांधला की खुशाल पाणी प्यायला जा, जागेला कुणी हात लावत नाही. रेशमी ओढणी कठड्यावरून घसरते, सुती रुमालाची साधी गाठ पक्की बसते. कठड्यावर भाषांतराचा छोटा पडदा असतो, त्यावर कापड येऊ देऊ नका. आणि कोट, छत्री, पाठपिशवी क्लोकरूममध्ये द्यावी लागते. बरेच जण कोटाबरोबर खिशातला रुमालही देऊन बसतात आणि मग बांधायला काही उरत नाही.

रांग आणि खेळ धरून चार तास सहज पायांवर जातात. पुचिनी या संगीतकाराचा ऑपेरा अडीच-तीन तासांत आटोपतो. वाग्नर हा दुसरा संगीतकार पाच तासांपर्यंत ताणतो, पहिल्याच खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नये. गुडघे ताठ ठेवून उभं राहिलं की रक्त पायांत साठतं आणि भोवळ येते. म्हणून गुडघे किंचित सैल ठेवा, भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्या, आणि रांगेत लागण्याआधीच पोटात काहीतरी टाका. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत दार उघडत नाही.

दिवे मंद होण्याआधी रंगमंचापुढच्या, वादकांच्या खड्ड्यात वाद्यं सुरात लावतात, तो क्षण चुकवू नका. आपल्या पेटीची पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, साधारणपणे 440 हर्ट्झला लावलेली असते, व्हिएन्नाची मंडळी 443 च्या आसपास लावतात. फरक अगदी बारीक, पण तयार कानाला सगळं किंचित चढं वाटतं. याच वाद्यवृंदातून व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाचे वादक निवडले जातात. गायकांना माइक नसतो. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदावरून नुसता गळा वरच्या गॅलरीपर्यंत जातो.

एप्रिल-मेच्या सुट्टीत गेलात तर हंगाम चालू असतो, जुलै-ऑगस्टमध्ये बंद. आणि तिकीट नाहीच मिळालं, तरी एप्रिल ते जून आणि सप्टेंबरमध्ये काही खेळ इमारतीच्या बाहेरच्या मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात, तेही फुकट.

मध्यंतरात दमलेले पर्यटक निघून जातात आणि पुढचे कठडे रिकामे दिसू लागतात. सरका पुढे. फक्त आधी कठड्याकडे बघा. रुमाल अजून बांधलेला असेल, तर तो माणूस परत येणार आहे.